पाच-सातचे अंतर आणि वाऱ्याचा हिशेब

पवनऊर्जेविषयी महाराष्ट्रात एक मत इतके रुळले आहे की त्याचा पुरावा कोणी मागत नाही. ते असे: वारा फुकट आहे आणि तो संपत नाही. दोन पवनचक्क्यांमध्ये वाऱ्याच्या दिशेने रोटरच्या, म्हणजे फिरत्या पात्यांच्या चाकाच्या, व्यासाच्या सातपट आणि आडव्या दिशेने पाचपट जागा सोडली, की एकीचा दुसरीला उपद्रव राहत नाही. त्यापुढे संगणकावर जे वेकचे, म्हणजे चक्कीमागे मंदावलेल्या वाऱ्याचे, गणित मांडले जाते, ते कर्ज देणाऱ्या बँकेचे समाधान करण्यापुरते. प्रकल्प उभारणारे हे बोलतात, चक्की विकत घेणारे मानतात, धोरणाच्या चर्चांतही पाच-सात हा आकडा सिद्धान्तासारखा वापरला जातो. माझ्या मते तो सिद्धान्त नाही, अंदाज आहे. त्याला सिद्धान्ताचे स्थान दिल्यामुळे राज्याने वारा वाया घालवला आहे, आणि जुन्या चक्क्या काढून नव्या लावण्याच्या येत्या काळात आणखी घालवण्याची शक्यता आहे.

भंडाऱ्यात बसून हा वाद का घालावा, असे कोणी विचारील. वैनगंगेच्या खोऱ्यात व्यापारी चक्क्या चालाव्यात इतका वारा नाही, हे खरे. राज्याच्या पवनचक्क्या आहेत त्या साताऱ्यात वनकुसवडे, चाळकेवाडी आणि ठोसेघरच्या पठारांवर, सांगलीत ढालगावकडे, धुळ्याच्या साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला, नंदुरबारला. विदर्भात चिखलदऱ्याजवळच्या मोठा या गावचे पठार सोडले तर नाव घ्यावे असे फारसे काही नाही. पण महावितरणचा दर साऱ्या राज्यात एकच असतो. तुमसरचा राइस मिलवाला आणि लाखांदूरचा मोटारपंपवाला जे बिल भरतो, त्यात साताऱ्याच्या पठारावरच्या विजेची किंमतही मिसळलेली असते. त्या पठारावर वारा कसा वापरला गेला, हे विचारण्याचा त्यालाही तेवढाच अधिकार आहे.

आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे, कारण तो मूर्खपणाचा नाही. पाच-सातवाल्यांचे म्हणणे असे की हा आकडा अनेक दशकांच्या अनुभवातून आला. चक्कीमागे वारा मंदावतो, पण वातावरणातली घुसळण वरून आणि बाजूंनी ताजा वारा आत आणते, आणि पाच-सात व्यासांच्या अंतरात बरीचशी भरपाई होते. वारा नेहमी एकाच रेषेतून वाहत नाही, म्हणून एका चक्कीचा वेक दुसरीवर नेमका पडण्याचे तास थोडे. वर्षाची सरासरी काढली तर जमिनीवरच्या प्रकल्पांत घट पाच-दहा टक्क्यांच्या आसपास येते. वेकची गणिती प्रारूपे म्हणाल तर ती एकमेकांशी जुळत नाहीत, आणि सह्याद्रीच्या कड्यांवर तर सपाट जमिनीसाठी रचलेली समीकरणे लागूच पडत नाहीत. मग चुकणाऱ्या गणितापेक्षा सोपा नियम काय वाईट?

यातले प्रत्येक विधान काही अंशी खरे आहे, आणि म्हणूनच नीट तपासावे लागते.

मुळापासून पाहू. वाऱ्याची ऊर्जा काढणे म्हणजे त्याचा वेग काढणे. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ याने १९२० च्या सुमारास दाखवले की वाऱ्यातून जास्तीत जास्त १६/२७, म्हणजे ५९.३ टक्के ऊर्जा काढता येते, आणि त्या आदर्श अवस्थेत चक्कीमागचा वारा मूळ वेगाच्या एक तृतीयांशावर येतो. म्हणजे चक्की जितकी चांगली, तितका तिच्या मागचा वारा दुबळा. मागे उरणारा हा मंद, खवळलेला पट्टा म्हणजे वेक. रचना सुधारून तो नाहीसा करता येत नाही, कारण वीज मिळते ती त्याच वेगाच्या बदल्यात.

तो किती लांब पोहोचतो? डेन्मार्कच्या रिसो प्रयोगशाळेतल्या एन. ओ. येन्सेन यांनी १९८३ मध्ये एका छोट्या टिपणात याचे अतिशय साधे उत्तर मांडले. वेक शंकूसारखा रुंदावत जातो असे धरा, रुंदावण्याचा दर ठरवा आणि संवेगाचा जमाखर्च जुळवा. येन्सेन यांचे सूत्र आजही जगभर वापरले जाते, म्हणून त्याच सूत्राने पाच-सातची परीक्षा घेऊ. मध्यम वाऱ्यात चालणाऱ्या चक्कीचा रेटा-गुणांक, म्हणजे वारा तिला किती जोराने ढकलतो याचे माप, ०.८ च्या आसपास असतो. त्यावरून सुरुवातीची वेगघट ५५ टक्के निघते. जमिनीवर रुंदावण्याचा दर ०.०७५ धरण्याचा प्रघात आहे. त्या हिशेबाने पाच व्यासांवर वेग १८ टक्क्यांनी कमी, सात व्यासांवर १३ टक्क्यांनी. आकडे किरकोळ वाटतात. पण वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनावर चालते. त्यामुळे पाच व्यासांवर शक्ती ४५ टक्क्यांनी घटते, सात व्यासांवर ३४ टक्क्यांनी आणि दहा व्यासांवरही २४ टक्क्यांनी. ‘बरीचशी भरपाई होते’ हे वेगाबद्दल खरे आहे, विजेबद्दल नाही, आणि पाच-सातचे समर्थन नेहमी वेगाच्या भाषेत केले जाते.

हे निव्वळ कागदावरचेही नाही. डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे हॉर्न्स रेव्ह हा सागरी प्रकल्प २००२ मध्ये सुरू झाला. तिथे ८० मीटर व्यासाच्या ८० चक्क्या एकमेकींपासून ५६० मीटरवर, म्हणजे बरोबर सात व्यासांवर उभ्या आहेत. वारा रांगेच्या रेषेत वाहतो तेव्हा दुसऱ्या चक्कीची वीज पहिलीपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने किंवा त्याहूनही अधिक घटते, हे तिथल्या मोजमापांतून वारंवार दिसले. १२ फेब्रुवारी २००८ रोजी तिथे काढलेल्या छायाचित्रात धुक्याने हे वेक डोळ्यांना दिसतात: पहिल्या रांगेमागे पांढरे पट्टे उठले आहेत आणि मागच्या रांगा त्या पट्ट्यांत बुडाल्या आहेत. सात व्यासांवर उपद्रव संपतो असे मानणाऱ्याने ते छायाचित्र एकदा पाहावे.

आता दिशेचा मुद्दा. येन्सेनच्या शंकूची रुंदी धरली तर सात व्यासांवरच्या शेजारणीला वेकचा स्पर्श होण्यासाठी वारा दोघींच्या रेषेपासून साधारण १२ अंशांच्या आत असावा लागतो. दोन्ही बाजू मिळून २४-२५ अंश. वारा ३६० अंशांत सारखा फिरत असता तर हा हिस्सा सात टक्क्यांचा, आणि पूर्वपक्षाची सरासरी इथूनच येते. साताऱ्याच्या पठारावर मात्र वारा सारखा फिरत नाही. तिथली वर्षाची बहुतांश वीज जून ते सप्टेंबरमध्ये तयार होते, आणि त्या चार महिन्यांत नैर्ऋत्य मोसमी वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून आठवडेच्या आठवडे वाहतो. उत्पन्नाचे तास आणि वेकचे तास एकाच दिशेवर येतात. युरोपच्या चंचल वाऱ्यावर काढलेली सरासरी इथे टेकवणे शास्त्रीयदृष्ट्या चूक आहे.

प्रतिपक्षाला एक गोष्ट मी मोकळेपणाने मान्य करतो. जुलैच्या ऐन जोरात, वारा सेकंदाला १३-१४ मीटरच्या वर गेला की पुढची आणि मागची अशा दोन्ही चक्क्या पूर्ण क्षमतेने चालतात, कारण वेक पडूनही मागच्या चक्कीला पुरेसा वारा उरतो. तेव्हा घट जवळजवळ शून्य. नुकसान होते ते सेकंदाला ६ ते १० मीटरच्या मध्यम वाऱ्यात. आणि महाराष्ट्राचा वारा बहुतेक वेळ मध्यमच असतो. तमिळनाडूच्या मुप्पंदल खिंडीतल्या वाऱ्याशी साताऱ्याची बरोबरी होत नाही, म्हणून वेकचा हिशेब आपल्याकडे अधिक काटेकोर हवा.

पाच-सातच्या नियमावरचा माझा मुख्य आक्षेप याहून सोपा आहे आणि तो समजायला समीकरणाची गरज नाही. हा नियम वाऱ्याची एकच मुख्य दिशा गृहीत धरतो; प्रत्यक्ष वारा कोणत्या दिशेने किती वाहतो, हे पाहत नाही. एक पठार घ्या आणि त्यावर दोन आराखडे काढा. पहिल्यात चक्क्या सरळ चौकटीत, एकीच्या बरोबर मागे दुसरी. दुसऱ्यात प्रत्येक दुसरी रांग अडीच व्यास बाजूला सरकवलेली. जमीन तितकीच, चक्क्या तितक्याच, दोन्ही आराखडे पाच-सातमध्ये बसणारे. समोरून वारा आला की पहिल्या आराखड्यात दुसरी रांग ३४ टक्के शक्ती गमावते. दुसऱ्या आराखड्यात दुसरी रांग काहीच गमावत नाही आणि पहिल्या रांगेचा वेक थेट तिसरीवर, चौदा व्यासांवर पडतो. तिथे घट १६ टक्क्यांची. पण वारा वीस अंशांनी वळला तर सरकवलेल्या रांगा पुन्हा एकमेकींच्या रेषेत येतात आणि फायदा उलटतो. कोणता आराखडा चांगला, हे त्या पठारावर वारा कोणत्या दिशेने किती तास आणि किती वेगाने वाहतो यावर ठरते. नियम दोन्हींना सारखेच पास करतो. ज्या कसोटीला चांगले आणि वाईट वेगळे करता येत नाही, ती कसोटी म्हणून निरुपयोगी आहे.

दिवस आणि रात्रीचा फरकही त्यात नाही. दुपारी तापलेल्या जमिनीवरून हवा उसळते आणि वेक लवकर विरतो. रात्री जमीन थंड झाली की हवा थरांमध्ये स्थिरावते, घुसळण मंदावते आणि वेक लांबवर टिकतो. रुंदावण्याचा दर ०.०७५ ऐवजी ०.०४ धरला, जसा शांत समुद्रावर धरतात, तर सात व्यासांवरची शक्तिघट ३४ वरून ५४ टक्क्यांवर जाते. अंतर तेच, चक्की तीच, फक्त हवेचा स्वभाव बदलला.

प्रश्न दोन चक्क्यांचा नसून रांगांमागच्या रांगांचा असतो, तेव्हा पूर्वपक्ष आणखी लंगडा पडतो. कातिच, होयस्त्रूप आणि येन्सेन यांनी १९८६ मध्ये अनेक वेक एकत्र मोजण्याची रीत दिली: प्रत्येक वेगघटीचा वर्ग करा, बेरीज घ्या, वर्गमूळ काढा. १९८८ मध्ये एन्स्ली यांनी घुसळणीचा अधिक सूक्ष्म विचार केला. फ्रान्सन यांनी वेकमधल्या खवळलेल्या हवेने पाती आणि गिअरबॉक्स किती थकतात, याचे गणित मांडले, आणि ते चक्क्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकात गेले. म्हणजे वेकचे नुकसान विजेपुरते नाही; मागच्या रांगेतली यंत्रे लवकर झिजतात. पुढे लक्षात आले की प्रकल्प मोठा झाला की बाजूंनी येणारा ताजा वारा आतल्या रांगांपर्यंत पोहोचतच नाही, भरपाई होते ती फक्त वरून, आणि ती संथ असते. २०१२ मध्ये मायर्स आणि मेनेव्हो यांनी अशा फार मोठ्या प्रकल्पांसाठी खर्चाचा विचार करून किफायतशीर अंतर काढले, ते पंधरा व्यासांच्या आसपास आले.

इथे प्रतिपक्ष आपले सर्वांत धारदार शस्त्र काढतो: प्रारूपे तरी कुठे बरोबर ठरली? पुरावाही त्याच्या हातात आहे. २९ ऑक्टोबर २०१९ रोजी सागरी पवनऊर्जेतल्या सर्वांत मोठ्या ऑर्स्टेड या डॅनिश कंपनीने जाहीर केले की आपल्या प्रकल्पांत वेकचा आणि अडथळ्याचा परिणाम आपण कमी धरला होता. अडथळा म्हणजे प्रकल्पाच्या पुढच्या बाजूलाच वारा थोडा मंदावणे, जणू तो आधीच थबकतो. २०१८ मध्ये जेम्स ब्लीग आणि सहकाऱ्यांनी मोजमापांनिशी दाखवले होते की प्रचलित गणित हा परिणाम सोडूनच देते. ऑर्स्टेडला काही प्रकल्पांचा अपेक्षित परतावा ७.५ ते ८.५ टक्क्यांवरून ७ ते ८ टक्क्यांवर आणावा लागला. एवढ्या मोठ्या कंपनीचे गणित चुकते, तर आपले काय?

हा युक्तिवाद प्रारूपाविरुद्ध दिसतो, पण साक्ष प्रारूपाच्याच बाजूने देतो. ऑर्स्टेडची चूक सापडली, कारण त्यांच्याकडे आकड्यात मांडलेले भाकीत होते आणि प्रत्यक्ष उत्पादन त्याच्याशी ताडून पाहता आले. चूक किती, कुठे आणि कोणत्या कारणाने, हे सांगता आले आणि पुढचे गणित सुधारले. पाच-सातचा नियम काहीच भाकीत करत नाही, म्हणून तो कधी चुकल्याचे सिद्धही होत नाही. साताऱ्याच्या पठारावर वीस-पंचवीस वर्षे चक्क्या फिरल्या, त्यातल्या किती मागच्या रांगांनी किती वीज गमावली याचा एकही सार्वजनिक आकडा नियमवाल्यांना देता येणार नाही. चुकणारे पण सुधारता येणारे ज्ञान आणि कधीच न तपासलेली सवय यांत निवड करताना मला क्षणाचाही विचार करावा लागत नाही.

सह्याद्रीची अडचण खरी आहे. तीव्र उतारांवर साधी रेषीय प्रारूपे चालत नाहीत. रिसोमध्येच १९८७ मध्ये तयार झालेल्या वास्प या प्रसिद्ध संगणकप्रणालीच्या मर्यादा तिच्या निर्मात्यांनीच सांगितल्या आहेत. कड्यावरून वारा पठारावर चढतो तेव्हा तो कधी जमिनीपासून सुटतो, कधी काठावर वेगावतो, आणि वेकही जमिनीच्या चढ-उताराबरोबर वर-खाली होतो. अशा जागी प्रवाहाचे संगणकीय सिम्युलेशन लागते आणि ते महाग आहे. पण यातून निघणारा निष्कर्ष प्रतिपक्षाच्या उलट आहे. सपाट जमिनीवर ठोकळ नियमाने थोडे तरी भागते; कड्यावर तो निव्वळ नशिबावर सोडतो. शिवाय प्रारूप सुधारण्याची सामग्री त्याच पठारावर पडून आहे. प्रत्येक आधुनिक चक्की दर दहा मिनिटांचा वेग, दिशा आणि उत्पादन नोंदवते. वर्षानुवर्षांच्या या नोंदी कंपन्यांच्या कपाटांत बंद आहेत. त्यांतून स्थानिक वेकचे गणित घासून घेणे हे एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला सहज झेपणारे काम आहे.

मग इतकी वर्षे ते झाले का नाही? उत्तर वाऱ्यात नाही, मालकीत आहे. महाराष्ट्रातल्या जुन्या प्रकल्पांना बळ मिळाले ते आयकरातल्या वेगवान घसाऱ्यातून. हा घसारा आधी १०० टक्के होता, मग ८० टक्के. २०१२ मध्ये थांबला, २०१४ मध्ये परत आला आणि २०१७ पासून ४० टक्क्यांवर आला. त्यामुळे एकेक चक्की विकत घेणारे गुंतवणूकदार उभे राहिले: कारखाने, व्यापारी, उद्योगसमूह. एका पठारावर अनेक मालक, प्रत्येकाचा हिशेब स्वतंत्र. वनकुसवड्याला ३५० किलोवॉटच्या लहान चक्क्या या पद्धतीने रांगांमागून रांगा लागल्या. दरही तसाच ठरला. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या २०१० च्या विनियमांत वाऱ्याच्या शक्तिघनतेवरून चार विभाग केले होते आणि प्रत्येकासाठी २० ते ३० टक्क्यांपर्यंत क्षमता-वापर गृहीत धरला होता. शक्तिघनता मोजली जाते ती मोकळ्या वाऱ्यात. पहिल्या रांगेतली चक्की आणि चौथ्या रांगेतली चक्की एकाच विभागात, एकाच गृहीतकावर. वेक या चौकटीत मावतच नव्हता. ज्याचा हिशेब कोणाच्याही वहीत नाही, त्याचे गणित कोण मांडणार?

इथे भंडाऱ्याला सांगण्यासारखे काही आहे. आपला हा तलावांचा जिल्हा. गोंडांच्या काळापासून कोहळी समाजाने बांधलेले मालगुजारी तलाव अनेक गावांत एकाखाली एक आहेत. वरच्याचा सांडवा खालच्यात उतरतो. वरच्या पाळीने किती पाणी अडवले, यावर खालच्या बांधीतला धान ठरतो. म्हणूनच मध्य प्रांताच्या जमाबंदीत पाणी कोणाचे, कोणत्या क्रमाने, हे हक्क वाजिब-उल-अर्जात लिहून ठेवले गेले. वारा वरून भरत राहतो, तलावाचे पाणी तसे भरत नाही, हा फरक मोठा आहे. पण वरच्याच्या वापराचा खालच्यावर परिणाम होतो, आणि त्याची नोंद हवी, हे तत्त्व दोन्हीकडे तेच. पठारावरच्या वाऱ्याचा वाजिब-उल-अर्ज अजून कोणी लिहिलेला नाही.

शेजारचा प्रकल्प दुसऱ्या कंपनीचा असेल तर ही उणीव आणखी जाणवते. टेक्सासमधल्या दोन लगतच्या प्रकल्पांचा अभ्यास ज्युली लुंडक्विस्ट आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. वाऱ्याच्या बाजूला नंतर उभ्या राहिलेल्या प्रकल्पामुळे मागच्याची वीज सुमारे पाच टक्क्यांनी घटली, आणि स्थिर हवेत संपूर्ण प्रकल्पाचा वेक ५० किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो असे त्यांनी दाखवले. पाच-सातच्या अंतरात हे कुठेच बसत नाही. चाळकेवाडीच्या पठारावर मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी २०१८ मध्ये दाखवले की चक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी आहेत आणि पंखागळ्याचे सरडे वाढले आहेत. विषय वेगळा, पण दृष्टी तीच: एकेका खांबापुरते पाहून भागत नाही, पठार सबंध पाहावे लागते.

वेक दूरवर जातो असे म्हटले की एक जुनी समजूत डोके वर काढते, तिचेही इथेच निराकरण केले पाहिजे. दुष्काळी वर्षांत सातारा, सांगली, धुळ्याकडे शेतकऱ्यांत बोलले जाई की पवनचक्क्या ढग पळवतात. मोसमी पावसाची आर्द्रता हवेच्या कित्येक किलोमीटर जाडीच्या थरातून येते. वेक जमिनीलगतच्या काहीशे मीटरांत वावरतो. जमिनीजवळच्या रात्रीच्या तापमानात तो थोडा फरक करतो, असे कॅलिफोर्निया आणि टेक्सासमधल्या अभ्यासांत दिसले आहे, पण त्यावरून मोसमी पाऊस पळवण्यापर्यंत पोहोचता येत नाही. शेतकऱ्यांचा राग समजण्यासारखा होता, कारण जमीन गेली आणि पाऊसही आला नाही. पण राग खरा असला तरी कारण चुकीचे होते.

आता मंडनाकडे. वेकचे गणित नुसते आराखड्यापुरते नाही, चालू चक्क्यांनाही ते लागू पडते, आणि याचा उत्तम पुरावा भारतातूनच आला आहे. एमआयटीचे मायकेल हॉवलँड, जॉन दबिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वायव्य भारतातल्या एका प्रकल्पावर प्रयोग केला. पुढच्या चक्कीचे तोंड थेट वाऱ्याकडे न ठेवता मुद्दाम काही अंश वळवायचे, म्हणजे तिचा वेक बाजूला सरकतो आणि मागचीला मोकळा वारा मिळतो. किती वळवायचे, हे त्यांच्या प्रारूपाने आधी सांगितले आणि प्रत्यक्ष मोजणीत ते पाच अंशांच्या आत बरोबर निघाले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात सेकंदाला ६ ते ८ मीटर वाऱ्यात प्रकल्पाची ऊर्जा ३ टक्क्यांनी वाढली, सर्व वेग धरून १.२ टक्क्यांनी. यासाठी नवी जमीन लागली नाही, नवी पाती लागली नाहीत. फक्त चक्क्यांना एकत्र विचार करायला लावले.

१.२ टक्के म्हणजे काहीच नाही, असे म्हणणाऱ्याला माझे उत्तर आकड्यातच आहे. महाराष्ट्रात बसवलेली पवनक्षमता ५,००० मेगावॉटहून अधिक आहे. तिचा एक टक्का म्हणजे ५० मेगावॉटचा नवा प्रकल्प, आणि तोही एका गुंठ्याचे संपादन न करता. सगळीकडे एवढाच लाभ होईल असा माझा दावा नाही. कड्यावर एकेरी रांगेत उभ्या असलेल्या चक्क्यांना काहीच मिळणार नाही. पण कोणाला मिळेल आणि कोणाला नाही, हेही प्रारूपच सांगू शकते. अडचण आहे ती पुन्हा मालकीची. तोंड वळवणारी पुढची चक्की स्वतःची थोडी वीज सोडते आणि लाभ मागच्या मालकाला होतो. सबंध पठाराचा हिशेब एकत्र करून वाटणी ठरल्याशिवाय कोणताही मालक हे करणार नाही, आणि त्याला दोष देता येणार नाही.

हा वाद आत्ताच घालण्याचे कारण म्हणजे रिपॉवरिंग, जुन्या चक्क्यांच्या जागी नव्या लावणे. वनकुसवड्याच्या पिढीतल्या चक्क्यांचे आयुष्य संपत आले आहे. त्यांचा रोटर तेहतीस मीटरचा, म्हणजे पाच व्यास अवघे १६५ मीटर. नव्या चक्कीचा रोटर १२० मीटरचा धरला तर पाच व्यास ६०० मीटर होतात. जुन्या पायांवर नव्या चक्क्या बसणार नाहीत. आराखडा नव्याने काढावा लागेल आणि अनेक लहान मालकांना एकत्र यावे लागेल. केंद्राच्या ऑगस्ट २०१६ च्या रिपॉवरिंग धोरणाने पाच-सातचा निकष शिथिल करण्याची मुभा दिली. निकष शिथिल करायला माझा विरोध नाही, तो निकषच मी मानत नाही. पण त्याच्या जागी वेकचे गणित सक्तीचे केले नाही, तर पठारावर नियमही उरणार नाही आणि शास्त्रही येणार नाही. पुढची पंचवीस वर्षे त्या चुका तशाच उभ्या राहतील. राष्ट्रीय पवनऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार १२० मीटर उंचीवर महाराष्ट्राची क्षमता ९८ गिगावॉटच्या घरात आहे. हा आकडा भाषणांत वारंवार येतो. दाट लावलेल्या चक्क्या एकमेकींचा किती वारा खातील, हे मात्र त्या भाषणांत येत नाही.

म्हणून महाऊर्जा या राज्याच्या ऊर्जा संस्थेकडे आणि विद्युत नियामक आयोगाकडे माझी मागणी अशी आहे. रिपॉवरिंगचा प्रत्येक अर्ज सबंध पठाराच्या वेक-अभ्यासासह घ्यावा, शेजारच्या प्रकल्पावर होणारा परिणाम त्यात असावा, किमान दोन वेगळ्या प्रारूपांनी तो तपासावा आणि जाहीर करावा. जुन्या चक्क्यांच्या दहा मिनिटांच्या नोंदी मालकांची नावे वगळून राज्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना खुल्या कराव्यात. आणि पठाराचा हिशेब एकत्र करून वाटणी करण्याची तरतूद विनियमांत आणावी.

महावितरणच्या दरप्रस्तावांवर आयोग जाहीर सुनावणी घेतो आणि कोणत्याही ग्राहकाला लेखी सूचना व हरकती दाखल करता येतात. भंडारा, तुमसर, पवनी, साकोली, लाखनीच्या वाचकांनी पुढच्या सुनावणीत एवढा एक प्रश्न लेखी विचारावा: आम्ही ज्या पवनऊर्जेचे पैसे भरतो, तिच्यातला किती वारा वेकमध्ये गेला?